जायबंदी खेळाडू परतला, म्हणजे नवा खेळाडू मिळाला का?

जुलै सरत आला की अमेरिकेतल्या बेसबॉल संघांचे कारभारी पत्रकारांना एक गोष्ट हमखास सांगतात. बाहेरून कुणाला आणायची घाई नाही, आमचेच जायबंदी खेळाडू परत येताहेत आणि तीच आमची सगळ्यात मोठी भर आहे. चाहते हे ऐकून भडकतात. मालकाला खिशात हात घालायचा नाही, म्हणून ही सबब, असं त्यांना वाटतं. अमेरिकेतल्या मराठी घरांतही आता हा वाद रंगतो, कारण मुलं शाळेपासून बेसबॉल पाहतात आणि आईवडील क्रिकेटच्या अनुभवावरून त्याचा अर्थ लावत बसतात.

कारभाऱ्यांचं हे म्हणणं एखाद्या वर्षी तंतोतंत खरं ठरतं, तर एखाद्या वर्षी साफ फसतं. २०१९ मध्ये न्यू यॉर्क यांकीज याच भरवशावर राहिले आणि अंतिम फेरीच्या उंबरठ्यावरून परत फिरले. २०२५ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सनी जवळपास तेच केलं आणि विजेतेपद पटकावलं. दोन्ही संघ गडगंज आणि दोन्हींकडे खेळ जाणणारी माणसं. यात नशिबाचा वाटा होताच, पण सगळं नशिबावर ढकलता येत नाही. माझं मत असं की परतणारा खेळाडू ट्रेडची, म्हणजे दुसऱ्या संघाशी केलेल्या अदलाबदलीची, जागा घेऊ शकतो, मात्र संघात जिथे खड्डा आहे तिथलाच तो असला पाहिजे आणि मुदतीच्या दिवशी तो मैदानावर चेंडू टाकताना किंवा मारताना दिसला पाहिजे. नुसत्या वैद्यकीय अहवालावर हंगाम लावणं मला पटत नाही.

ट्रेड म्हणजे काय, आणि त्याची किंमत कोण देतं

मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. त्यातून १२ संघ ऑक्टोबरच्या बाद फेरीत जातात. हंगाम चालू असताना एक संघ आपला खेळाडू दुसऱ्याला देतो आणि बदल्यात त्याचा घेतो, त्याला ट्रेड म्हणतात. इथे लिलाव नसतो. खेळाडूचा करारच उचलून दुसऱ्या संघाच्या हवाली होतो, आणि बहुतेकांना त्यात काही बोलता येत नाही. १० वर्षं लीगमध्ये आणि त्यातली शेवटची सलग ५ एकाच संघात काढलेल्या खेळाडूला तेवढा नकाराचा हक्क मिळतो, किंवा मग करारातच तसं कलम असावं लागतं.

ट्रेडची मुदत जुलैच्या शेवटी किंवा त्याच्या दोन-तीन दिवस इकडेतिकडे असते. तोवर चित्र स्पष्ट झालेलं असतं. बाद फेरीची आशा सुटलेले संघ आपले चांगले खेळाडू विकायला काढतात, आणि आशा असलेले संघ विकत घेतात. मोबदला क्वचितच पैशांत असतो. तो असतो खालच्या लीगमधल्या होतकरू पोरांच्या रूपात.

हा मोबदला का बोचतो, ते समजून घ्यायला हवं. मेजर लीगमध्ये आलेला नवा खेळाडू साधारण पहिली सहा वर्षं त्याच संघाच्या ताब्यात राहतो, आणि त्यातली सुरुवातीची वर्षं तर अगदी कमी पगारात. म्हणजे एक हुशार पोरगा दिला की अनेक वर्षांचा स्वस्त खेळ दिला. २०१६ मध्ये शिकागो कब्जनी अरोल्डिस चॅपमन हा वेगवान पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, घेतला; सामन्याच्या नऊ छोट्या डावांपैकी शेवटचे तो सांभाळायचा. त्यासाठी त्यांनी यांकीजना चार खेळाडू दिले, आणि त्यातला ग्लेबर टोरेस पुढे ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक उत्तम खेळाडूंत गेला. चॅपमन स्वतः हंगाम संपताच मोकळा होऊन पुन्हा यांकीजकडे गेला. कब्जना मात्र १९०८ नंतरचं पहिलं विजेतेपद मिळालं, त्यामुळे शिकागोत या सौद्याबद्दल कुणी हळहळत नाही. पण दरवर्षी विजेता एकच होतो. बाकीच्यांची पोरं जातात आणि हाती काही लागत नाही.

म्हणूनच जायबंदी खेळाडूची वाट पाहणं इतकं मोहाचं असतं. त्याचा पगार तसाही चालू असतो आणि तो आला तर कुणाला द्यावं लागत नाही.

दुखापतीची यादी

संघात एका वेळी २६ जण खेळायला पात्र असतात, आणि त्यांच्यासकट ४० जणांची एक मोठी यादी असते. कुणी जखमी झाला की त्याला दुखापतीच्या यादीत टाकतात आणि त्याच्या जागी खालच्या लीगमधून माणूस बोलावतात. फलंदाजाला किमान १० दिवस आणि पिचरला किमान १५ दिवस बाहेर बसावं लागतं. मोठी दुखापत असेल तर ६० दिवसांची यादी असते. तिचा फायदा असा की तिथला खेळाडू चाळीसांत मोजला जात नाही.

परतीचा रस्ता खालच्या लीगमधून जातो. दुरुस्त होत आलेला खेळाडू तिथे सराव-सामने खेळतो. फलंदाजाला यासाठी २० दिवसांची आणि पिचरला ३० दिवसांची मुभा असते. सामना सुरू करून पाच-सहा डाव टाकणाऱ्या पिचरला ही मुभा जवळपास पूर्ण लागते. आधी मोकळ्यावर चेंडू टाकणं, मग आपल्याच फलंदाजांसमोर, मग खालच्या लीगमध्ये दोन डाव, काही दिवसांच्या विश्रांतीनंतर तीन डाव, असं हळूहळू वाढवत न्यावं लागतं. हात एकदम ताणला तर आहे तेही जाईल.

बातमी वाचताना ही पायरी पाहावी. 'चेंडू टाकायला सुरुवात केली' आणि 'खालच्या लीगमध्ये चार डाव टाकले' या दोन बातम्यांत कित्येक आठवड्यांचं अंतर असतं. मथळ्यात मात्र दोन्हीकडे 'परतीच्या मार्गावर' एवढंच छापून येतं.

नफा मोजायचा कुणाच्या तुलनेत?

खरा घोळ हिशेबात आहे. चाहते म्हणतात, हा खेळाडू तर मार्चमध्ये आपलाच होता, मग तो आल्याने भर कसली पडली? कारभारी म्हणतात, गेले तीन महिने तो नव्हता, आता येईल, म्हणजे संघ सुधारलाच की. दोघंही अर्धं बरोबर बोलतात.

पेरणीच्या दिवसांत जोडीतला एक बैल लंगडा झाला, म्हणून शेतकऱ्याने भाड्याने बैल आणला, असं समजा. काम निघतं, पण रेटून निघतं. पंधरा दिवसांनी घरचा बैल बरा झाला, तरी जू दोघांचंच असतं, त्यामुळे तीन बैल काही एका तिफणीला लागत नाहीत. नफा मिळतो तो घरच्या आणि भाड्याच्या बैलातल्या फरकाइतकाच. भाड्याचा बैल बरा निघाला असेल तर फरक थोडा, अडेलतट्टू निघाला असेल तर मोठा. आणि तोवर वापसा गेला असेल, तर घरचा बैल कितीही उमदा असला तरी त्या हंगामापुरता त्याचा उपयोग उरत नाही.

बेसबॉलमध्येही प्रश्न असतो तो परतणारा कुणाला बाकावर बसवतो हा. त्याच्या गैरहजेरीत खेळलेला पोरगा फलंदाजीत धडपडत असेल, तर परतणारा खरोखर ट्रेडइतकाच कामाचा. पण त्या पोराने जम बसवला असेल आणि खड्डा दुसरीकडेच असेल, समजा शेवटचे डाव टाकणाऱ्या पिचरांत, तर बाहेरच्या मैदानातला फलंदाज परतून तो खड्डा भरत नाही.

आकड्यांत पाहू. अमेरिकेत खेळाडूची किंमत 'वॉर' या मापाने मोजतात. खालच्या लीगमधून सहज मिळणाऱ्या माणसाऐवजी हा खेळाडू घेतल्याने हंगामात किती सामने जास्त जिंकले, असा त्याचा अर्थ. पूर्ण हंगामात ४ हा आकडा म्हणजे उत्तम खेळाडू. ट्रेडच्या मुदतीनंतर साधारण एक तृतीयांश हंगाम उरतो, म्हणजे अशा खेळाडूची भर होते सव्वा विजयाच्या आसपास. विकत आणलेल्यालाही हेच गणित लागू. दोन महिन्यांत एक-दीड विजय, आणि त्यासाठी एवढी धावपळ!

धावपळ होते ती ऑक्टोबरसाठी. १६२ सामन्यांत संघाला सामना सुरू करणारे निदान पाच पिचर लागतात. बाद फेरीत सामन्यांमध्ये मोकळे दिवस असतात, त्यामुळे तीन-चार उत्तम पिचर बहुतेक ओझं उचलू शकतात. एक थोर पिचर सप्टेंबरअखेरीस जरी परतला, तरी ऑक्टोबरमध्ये तो मोठा वाटा उचलतो. म्हणूनच परतीच्या बहुतेक गोष्टी पिचरांच्या असतात, आणि त्यांतल्या फसलेल्याही.

सगळ्या दुखापती सारख्या नसतात

मोडलेलं हाड त्यातल्या त्यात प्रामाणिक. २०२४ च्या जून महिन्यात डॉजर्सच्या मुकी बेट्सच्या हातावर चेंडू आदळून हाड मोडलं. १६ जूनची दुखापत, १२ ऑगस्टला तो मैदानावर. अशा दुखापतीची तारीख कारभाऱ्याने सांगितली तर मी विश्वास ठेवतो.

मांडीच्या मागचा स्नायू आणि बरगडीखालचा तिरका स्नायू मात्र बरे झाल्यासारखे वाटतात आणि जोरात धावताना किंवा बॅट फिरवताना पुन्हा दगा देतात.

कोपराची गोष्ट वेगळी. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटला की शरीरातला दुसरा स्नायुबंध काढून तिथे बसवतात. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी ही शस्त्रक्रिया प्रथम केली ती टॉमी जॉन या पिचरवर, आणि त्याच्याच नावाने ती ओळखली जाते. त्याआधी या दुखापतीने कारकीर्द संपत असे. जॉन १९७६ मध्ये परतला आणि आपल्या २८८ विजयांपैकी १६४ त्याने शस्त्रक्रियेनंतर मिळवले. आज यातून परतायला १२ ते १८ महिने धरतात. वेग बहुधा लवकर येतो, पण चेंडू हव्या त्या जागी टाकण्याची अचूकता मागाहून येते. डॉजर्सचा वॉकर ब्यूलर दुसऱ्यांदा ही शस्त्रक्रिया करून २०२४ च्या मे महिन्यात आला आणि नियमित हंगामभर मार खात राहिला. जिंकला एक, हरला सहा. त्याच ब्यूलरने ऑक्टोबरमध्ये यांकीजविरुद्ध पाच डाव एकही धाव न देता टाकले, आणि विजेतेपदाच्या शेवटच्या डावातही चेंडू त्याच्याच हाती होता. ऑगस्टमध्ये त्याच्या आकड्यांवरून हे कुणी सांगू शकलं असतं, असं मला वाटत नाही.

सगळ्यात बेभरवशाचा खांदा. खांद्याची तक्रार असलेला पिचर 'लवकरच' येणार असं ऐकलं, तर तो येणार नाही असं धरून चालावं.

यांकीज, २०१९

त्या वर्षी यांकीजचे ३० वेगवेगळे खेळाडू दुखापतीच्या यादीत जाऊन आले. तोवरचा तो विक्रम होता. तरीही त्यांनी १०३ सामने जिंकले, कारण बदली खेळाडूंनी कमाल केली. मुदतीच्या दिवशी सगळ्यांची नजर त्यांच्यावर होती, कारण सामना सुरू करणाऱ्या पिचरांची वानवा उघड दिसत होती. मुख्य संघात त्यांनी कुणालाच आणलं नाही. लुइस सेव्हेरिनो आणि डेलिन बेटान्सेस हे दोन पिचर परतणार होते, त्यांच्यावर मदार होती. त्याच दिवशी ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजनी अ‍ॅरिझोनाकडून झॅक ग्रेन्की हा पिचर घेतला.

बेटान्सेस सप्टेंबरच्या मध्यावर टोरंटोत परतला. दोन फलंदाजांना सामोरा गेला, दोघांनाही बाद केलं, आणि जागेवरून उडी मारून उतरताना त्याच्या टाचेमागचा स्नायुबंध अंशतः फाटला. त्याचा २०१९ चा हंगाम एवढाच. सेव्हेरिनो त्याच आठवड्यात आला, पण नियमित हंगामात त्याला तीनच सामने मिळाले. घणाघाती फलंदाज जियानकार्लो स्टँटनही परतला, आणि ऑक्टोबरमध्ये अ‍ॅस्ट्रोजविरुद्ध पहिल्याच सामन्यात होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारून मांडीच्या स्नायूमुळे पुढचे तीन सामने बाहेर बसला. यांकीज ती मालिका ४–२ ने हरले.

ट्रेड केला असता तर ते जिंकले असते, असं मी म्हणणार नाही. ग्रेन्की त्या मालिकेतला पहिला सामना हरलाच होता. पण ज्यांच्यावर भिस्त ठेवली ते तिघंही जुलैअखेरीस खेळण्याच्या अवस्थेत नव्हते, आणि तिघांनाही लय सापडायला वेळच उरला नाही. ही चूक निकाल लागण्याआधीही दिसत होती.

पण डॉजर्स तर असंच जिंकले!

हा सगळ्यात जोरकस आक्षेप, आणि त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे.

२०२५ च्या जुलैअखेरीस डॉजर्सकडे शेवटचे डाव सांभाळणारे पिचर कमी पडत होते. त्याच दिवसांत फिलाडेल्फिया फिलीजनी असाच एक पिचर, यॉन डुरान, घेतला. सॅन डिएगो पाड्रेजनी तर तशाच मेसन मिलरसाठी अवघ्या १८ वर्षांचा लिओ डी व्ह्रीस हा देशातल्या अव्वल होतकरूंपैकी एक देऊन टाकला. डॉजर्सनी किरकोळ सौदे केले. पिचर ब्रॉक स्ट्युअर्ट आणि फलंदाज अ‍ॅलेक्स कॉल, हेच त्यातले मुख्य. बाकी भरवसा घरच्यांवर.

पुढे जे झालं ते गमतीशीर आहे. स्ट्युअर्ट थोडेच सामने खेळून खांद्याच्या दुखण्याने हंगामभर बसला. ज्या घरच्या राखीव पिचरांच्या परतीची आशा होती, तेही चालले नाहीत. ब्लेक ट्रायनन परतला पण त्याला मार पडत राहिला. चार वर्षांच्या मोठ्या करारावर आलेल्या टॅनर स्कॉटने हंगामभरात दहा वेळा हातातली आघाडी घालवली. मायकेल कोपेक सप्टेंबरमध्ये पुन्हा यादीत गेला. म्हणजे नेमक्या खड्ड्याच्या जागी परतीची योजना फसली होती.

तारलं दुसऱ्यांनीच. टायलर ग्लास्नो जुलैत परतला, ब्लेक स्नेल ऑगस्टच्या सुरुवातीला. दोघंही सामना सुरू करणारे. शोहेई ओहतानी कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर जूनमध्ये पुन्हा चेंडू टाकू लागला होता, आणि एमेट शीहानही त्याच महिन्यात टॉमी जॉन शस्त्रक्रियेतून आला होता. खांद्याच्या दुखण्याने मे महिन्यापासून बाहेर असलेला रोकी सासाकी २४ सप्टेंबरला आला तोही नव्या भूमिकेत, शेवटचे डाव टाकायला. फिलीजविरुद्धच्या निर्णायक सामन्यात त्याने तीन डावांत एकालाही बेसवर पोचू दिलं नाही. खांद्याबद्दल मी वर जे म्हटलं, त्याला स्नेल, ग्लास्नो आणि सासाकी हे तिघंही अपवाद ठरले. टोरंटोविरुद्ध अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात डॉजर्सनी सहा पिचर वापरले. त्यातले ओहतानी, ग्लास्नो, शीहान आणि स्नेल हे चौघं त्याच वर्षी दुखापतीतून परतलेले.

मग आक्षेप खरा ठरला का? अर्धा ठरला. डॉजर्सचा एक-दोघांवर भरवसा नव्हता, परतणाऱ्यांची रांगच होती. त्यातले निम्मे फसले तरी उरलेले पुरले. आणि ग्लास्नो, ओहतानी, शीहान हे मुदतीच्या आधीच मेजर लीगच्या मैदानात होते, तर स्नेल दोन दिवसांवर होता. कारभारी कागदावरच्या अंदाजावर बोलत नव्हते, दिसत होतं त्यावर बोलत होते.

शिवाय ही रांग उभी करायला किती पैसा लागला ते पाहा. स्नेलचा करार १८.२ कोटी डॉलरचा, ग्लास्नोचा सुमारे १३.६ कोटींचा, ओहतानीचा ७० कोटींचा. पिचर जखमी होणारच नाहीत यावर विसंबता येत नाही हे ओळखून त्यांनी आधीच गरजेपेक्षा जास्त जमवले होते. क्लीव्हलँड किंवा टँपा बेसारख्या कमी खर्चाच्या संघाने 'डॉजर्सनी असंच केलं' म्हणणं म्हणजे शेवटचं पान वाचून पुस्तक वाचल्याचं सांगणं.

पैशाची आणखी एक बाजू आहे. एकूण पगार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की संघाला लीगकडे कर भरावा लागतो. २०२५ मध्ये पहिली मर्यादा २४.१ कोटी डॉलर होती. वर्षानुवर्षं ती ओलांडणाऱ्या आणि सगळ्यात वरच्या टप्प्यात असलेल्या डॉजर्सना जादा डॉलरवर ११० टक्के दर लागतो. म्हणजे बाहेरून आणलेल्याच्या पगाराचा एक डॉलर त्यांना दोन डॉलर दहा सेंटना पडतो. परतणाऱ्याच्या पगाराचा कर मात्र आधीच हिशेबात धरलेला असतो. मालकाला परतीची कल्पना का आवडते, ते इथे कळतं.

विकत आणलेलाही जखमी होतोच की

होतो, आणि हे विसरू नये. यांकीजनी २०२२ मध्ये ओकलंडकडून फ्रँकी मोंटास आणला. खांदा आधीच कुरकुरत होता. आठ सामने त्याने सुरू केले, सपाटून मार खाल्ला, आणि पुढचा हंगाम जवळपास पूर्ण शस्त्रक्रियेत गेला. ट्रेड म्हणजे खात्री नव्हे. आणताना निदान खेळाडू उभा आहे, सामने खेळतो आहे, एवढं दिसतं. परतणाऱ्याच्या बाबतीत तेही दिसत नाही, एवढाच फरक आहे, आणि जुलैअखेरीस तो मोठा असतो.

दुसरं असं की एक परतेपर्यंत दुसरा कुणीतरी जखमी होतोच. 'सगळे बरे झाल्यावरचा संघ' असा काही संघ १६२ सामन्यांच्या हंगामात फारसा उभाच राहत नाही. जो कारभारी तो कागदावर मांडून दाखवतो, त्याला विचारावं की ऑगस्टमध्ये जाणारे कोण.

आणि काही वेळा वाट पाहण्याचा पर्यायच नसतो. १० जुलै २०२१ ला अटलांटा ब्रेव्हजच्या रोनाल्ड अकुन्याचा गुडघा गेला, हंगाम संपला. संघाचे विजय-पराभव तेव्हा बरोबरीत घुटमळत होते. संघाचे कारभारी अलेक्स अँथोपूलोस यांनी मोठ्या किमतीचा एक तारा न आणता, स्वस्तात बाहेरच्या मैदानातले चार खेळाडू आणले: जॉक पीडरसन, अ‍ॅडम डुव्हाल, एडी रोसारियो आणि होर्हे सोलेर. उपांत्य मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू रोसारियो ठरला, अंतिम मालिकेचा सोलेर. विजेतेपद ब्रेव्हजचं. २०२३ मध्ये टेक्सस रेंजर्सचा पिचर जेकब डीग्रॉम सहाच सामने सुरू करून कोपराच्या शस्त्रक्रियेला गेला. त्यांनी मॅक्स शर्झर आणि जॉर्डन माँटगोमरी हे पिचर आणले आणि पहिलं विजेतेपद जिंकलं. जो परतणारच नाही, त्याच्याबद्दल निर्णय लवकर होतो. 'कदाचित येईल' हाच खरा त्रास.

तिसरी वाट: दुसऱ्याचा जायबंदी आपण घ्यायचा

मला या विषयात सगळ्यात आवडणारी गोष्ट ही. ट्रेड आणि परती यांच्यात निवड करायलाच हवी असं नाही. विकणारा संघ बाद फेरीबाहेर असतो, त्याला जखमी खेळाडूचा यंदा काही उपयोग नाही. मग किंमत उतरते.

वरचा रोसारियो ब्रेव्हजकडे आला तेव्हा बरगडीखालच्या स्नायूने बसलेला होता, म्हणून जवळपास फुकट मिळाला. त्याच जुलैत काइल श्वार्बर मांडीच्या मागचा स्नायू दुखत असताना बॉस्टनला गेला आणि दोन आठवड्यांत खेळू लागला. २०२४ मध्ये डॉजर्सनी टॉमी एडमनला घेतलं, तेव्हा मनगटाच्या शस्त्रक्रियेमुळे त्याने त्या हंगामात एकही सामना खेळला नव्हता. ऑगस्टमध्ये तो मैदानात आला आणि ऑक्टोबरमध्ये न्यू यॉर्क मेट्सविरुद्ध ११ धावा जमवून देऊन मालिकेचा मानकरी झाला. २०२५ च्या मुदतीच्या दिवशी टोरंटोने क्लीव्हलँडकडून शेन बीबर घेतला. टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर तो अजून खालच्या लीगमध्ये सराव करत होता. अंतिम मालिकेच्या चौथ्या सामन्यात त्याने ओहतानीवर मात केली. सातव्या सामन्याच्या अकराव्या डावात विल स्मिथने निर्णायक होम रन मारला, तोही त्याच्याच चेंडूवर.

या चौघांत तीन फलंदाज आहेत, हे लक्षात घ्या. जखमी फलंदाज घेणं हा समजून-उमजून पत्करलेला धोका, जखमी पिचर घेणं त्याहून मोठा. बीबरच्या बाबतीत टोरंटोला त्याच्या सराव-सामन्यांतले चेंडू समोर मोजता येत होते, म्हणून ते धजावले.

मग थोडं थांबून, ऑगस्टमध्ये पाहू?

पूर्वी हे चालायचं. २०१७ मध्ये अ‍ॅस्ट्रोजनी जुलैअखेरीस किरकोळ सौदा केला. डॅलस कायकल नुकताच परतला होता, कार्लोस कोरेया अंगठ्याच्या दुखापतीतून यायचा होता. कायकलने संघाच्या या थंडपणाबद्दल उघड नाराजी बोलून दाखवली. ऑगस्टमध्ये ते ११ जिंकले आणि १७ हरले. शेवटी ३१ ऑगस्टच्या मध्यरात्रीला काही मिनिटं असताना त्यांनी डेट्रॉइटकडून जस्टिन व्हर्लँडर हा पिचर मिळवला. सप्टेंबरमध्ये त्याने पाचपैकी पाच सामने जिंकले, आणि अ‍ॅस्ट्रोज विजेते ठरले. त्या विजेतेपदाला पुढे खुणा चोरण्याच्या प्रकरणाचा डाग लागला, तो स्वतंत्र विषय आहे. परतणाऱ्यांची महिनाभर वाट पाहून मग मत बदलायची सोय तेव्हा होती, एवढं त्यातून घ्यायचं.

२०१९ पासून ती खिडकी बंद झाली. आता मुदत एकच. नंतर दुसऱ्या संघाने मोकळ्या केलेल्या खेळाडूवर हक्क सांगता येतो, पण व्हर्लँडरसारखा माणूस तसा हाती लागणं जवळपास अशक्य.

परतीलाही नियमांची एक छोटी किंमत आहे. ६० दिवसांच्या यादीतला खेळाडू बरा झाला की त्याला चाळीसांत जागा करून द्यावी लागते, म्हणजे कुणाला तरी काढावं लागतं, आणि तो काढलेला पोरगा दुसरा संघ उचलून नेऊ शकतो.

एक नियम मात्र घरच्या जायबंदीच्या बाजूने आहे. ऑक्टोबरमध्ये खेळण्यासाठी खेळाडू ३१ ऑगस्टला त्या संघाकडे असावा लागतो, दुखापतीच्या यादीत असला तरी चालतो. त्यामुळे २०२५ मध्ये टोरंटोचा फलंदाज बो बिशेट ६ सप्टेंबरला गुडघा दुखावून बसला आणि अंतिम मालिकेसाठीच परतला, तरी त्याला खेळता आलं, आणि सातव्या सामन्यात त्याने ओहतानीला तीन धावांचा होम रन मारला. १ सप्टेंबरला बाहेरून आलेला खेळाडू कितीही ठणठणीत असला, तरी त्याला ऑक्टोबरचे सामने बाहेर बसूनच पाहावे लागतात.